कूपर गल्लीतली टेकडी

परमेश्वराने माणसाला दोन डोळे दिले ते एकच गोष्ट नीट दिसावी म्हणून. दोन पाय कशासाठी दिले, याबद्दल मात्र विद्वानांत अजून एकमत नाही. आमच्या हॅसलविच गावात १८५९ साली या प्रश्नाचा निकाल लागला, आणि तो सर्वानुमते लागला. पाय हे बैठकीला येण्यासाठी आणि बैठकीहून घरी जाण्यासाठी दिलेले आहेत. मधल्या कामाला डोळे पुरतात.

हे मी उगाच हवेत बोलत नाही. मी इलायजा विंटल, हॅसलविच आरोग्य मंडळाचा चिटणीस. त्या सगळ्या बैठकांना मी हजर होतो, कार्यवृत्त माझ्या हातचं आहे आणि अक्षर सुवाच्य आहे.

आधी पेटीची ओळख करून देतो. (तुमच्याकडे नसेल तर लाज वाटून घेऊ नका. आमच्याकडेही पूर्वी नव्हती. तेव्हा आम्ही एकमेकांच्या घरी जायचो.) तिचं खरं नाव स्टिरिओस्कोप, पण एवढं लांब नाव घ्यायला फुरसत कुणाला आहे? लाकडाची पेटी, दोन हातांत मावेल एवढी. पुढे दोन भिंगं. मागे एक पुठ्ठा सरकवायचा, त्यावर एकाच देखाव्याचे दोन फोटो शेजारीशेजारी, डाव्या डोळ्याला एक आणि उजव्याला एक. डोळे भिंगांना लावले की दोन्ही फोटो एक होतात आणि चपटा देखावा खरा होऊन समोर उभा राहतो. झाड पुढे येतं, चर्च मागे जातं, मेंढीच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटतो. चिखल लागत नाही आणि वासही येत नाही. देवाने जग केलं ते चांगलंच केलं, पण या दोन बाबतींत त्यात सुधारणेला जागा होती हे मान्य करायला हवं.

गावात माणसं ४,२१२, घरं ९०६ आणि पेट्या १,०३७. (आंघोळीचे टब अकरा.) रविवारचं मटण पोटात गेलं की घराघरांतून पेट्या बाहेर निघत. पादरीसाहेबांनी पॅलेस्टाईनचे बहात्तर पुठ्ठे घेतले आणि त्या जोरावर प्रवचन अर्ध्या तासाने कमी केलं, त्यामुळे धर्माबद्दल गावात नव्याने आस्था निर्माण झाली. मिसेस गॉरिंज, म्हणजे आमच्या चेअरमनसाहेबांच्या पत्नी, सोफ्यावर बसून चौदा वेळा इजिप्तला जाऊन आल्या. बाराव्या खेपेपासून त्यांना तिथलं ऊन बाधायला लागलं आणि डॉक्टरांनी मलम लिहून दिलं.

आता जमिनीबद्दल. आमच्या गावाखाली मीठ आहे. ते जमिनीतल्या पाण्यात विरघळतं, ते खारं पाणी पंपाने वर उपसतात, मोठमोठ्या कढयांत आटवतात आणि मीठ जगाला पाठवतात. साहजिकच खालची जागा रिकामी होते आणि वरची जागा तिथे जाते. यात तक्रार करण्यासारखं काही नाही, पण लोक करतात. कुणाचं स्वयंपाकघर कलतं, कुणाचं डुक्कर रात्रीतून दिसेनासं होतं, की लगेच मंडळाकडे अर्ज! १८५८ साली असे एकसष्ट अर्ज आले. प्रत्येक अर्जाला पाहणी आली, पाहणीला चालणं आलं, आणि चालण्याला चिखल आला. सात सभासदांपैकी चौघांना संधिवात होता, उरलेल्या तिघांचे बूट नवे होते.

त्यावर चेअरमन मिस्टर सेप्टिमस गॉरिंज यांनी तोडगा काढला. (पंप त्यांचेच आहेत, कढयाही त्यांच्याच. गावाचं त्यांच्यावाचून पान हलत नाही, आणि जमीन हलते ती त्यांच्यामुळेच.) ठराव क्रमांक चौदा असा: ज्या जागेचं पेटीतलं चित्र उपलब्ध आहे त्या जागी कोणत्याही सभासदाने प्रत्यक्ष जाऊ नये, कारण प्रत्यक्ष पाहणीत माणसाचं मन विचलित होतं. दोन्ही डोळ्यांनी पाहणी करणारा हा देशातला पहिलाच कारभार असावा.

चित्रं काढण्याचं काम मिस्टर अँब्रोज पिडकॉक यांना दिलं. हे मूळचे औषधविक्रेते, त्यामुळे रसायनांशी घसट होतीच. त्यांनी बर्मिंगहॅमहून दोन भिंगांचा कॅमेरा आणला, सोबत छापील पुस्तिका आली. पुस्तिकेची काही पानं, नव्या पुस्तकात असतात तशी, कडेला एकमेकांना जोडलेली होती; ती चाकूने कापून उघडायची असतात. पिडकॉक अत्यंत टापटिपीचे गृहस्थ. पुस्तिका नव्यासारखी राहावी म्हणून त्यांनी ती पानं कापली नाहीत. जेवढी उघडी होती तेवढी वाचली. न कापलेल्या नवव्या पानावर असं होतं, की कॅमेऱ्यातून निघालेला जोडफोटो मधोमध कापावा, डावा तुकडा उजवीकडे आणि उजवा डावीकडे चिकटवावा; नाहीतर पेटीत सगळं उलटं दिसतं, जवळचं लांब जातं आणि खोल असेल ते उंच दिसतं. (हे पान मी पुढे फार उशिरा वाचलं. छपाई सुंदर आहे.)

तर पिडकॉक फोटो निघाला तसाच चिकटवत. लोकांच्या लक्षात कसं आलं नाही, असं तुम्ही विचाराल. आलं होतं की! लंडनहून येणाऱ्या पुठ्ठ्यांत दऱ्या खोल दिसतात आणि आमच्या गावच्या पुठ्ठ्यांत एकही दरी दिसत नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. पण आमच्या गावात दऱ्या नाहीतच, त्यामुळे चित्रांच्या अचूकपणाबद्दल उलट खात्रीच पटली. चेअरमनसाहेबांचं पोट त्यांच्या चित्रात चांगलं वीतभर आत गेलेलं दिसे. त्यांनी त्या चित्राच्या वीस प्रती काढून घेतल्या आणि ‘हुबेहूब’ असा शेरा दिला. यापुढे बोलायची कुणाची छाती होती?

मे महिन्यात केझाया हॉबडे मंडळासमोर आली.

केझाया म्हणजे गावची सुईण. एक्केचाळीस वर्षांत तिने गावातली तेराशे माणसं या जगात आणली, त्यांत मंडळाचे पाच सभासद आणि मी. नवरा वारला तो कूपर गल्लीतलं दोन खोल्यांचं घर मागे ठेवून. त्या घरात ती, एक भिंतीवरचं घड्याळ आणि एक शेळी, एवढाच संसार. ती घोट्यापर्यंत चिखलाच्या बुटांनी थेट गालिच्यावर आली. (गालिच्याची नोंद स्वतंत्र केली आहे.)

“दारात खड्डा पडलाय,” ती म्हणाली. “फेब्रुवारीत परातीएवढा होता. आता घोडागाडी मावेल. उंबऱ्याला तडा गेलाय. ऑक्टोबरचा पाऊस लागला की घर आत जाणार, आणि घराबरोबर मी. चार गाड्या राख-खडी टाका, एवढंच मागणं आहे माझं.”

“पाहणी केल्याशिवाय मंडळ मत देत नाही, मिसेस हॉबडे,” चेअरमन म्हणाले.

“मग चला की! दोन गल्ल्या सोडून तर आहे.”

सभासदांनी एकमेकांकडे असं पाहिलं, जसं काही बाईने त्यांना भर बाजारात कपडे उतरवायला सांगितलं होतं.

पंधरा दिवसांनी चित्र आलं. पेटी सात सभासदांमधून फिरली आणि सातही जणांना एकच गोष्ट दिसली. मिसेस हॉबडे यांच्या दारात खड्डा नव्हता. तिथे टेकडी होती. नीटस, गोलसर, अंदाजे चार फुटांची. चेअरमनसाहेबांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी त्यांच्या लग्नातही पाहिला नव्हता. खड्डा असता तर तो कशाने पडला हा प्रश्न आला असता आणि बोट पंपांकडे गेलं असतं. टेकडीबाबत तसं नसतं. टेकड्या परमेश्वर करतो.

“टेकडी?” केझाया ओरडली. “अरे सेप्टिमस, या हातांनी बाहेर काढलाय मी तुला! पायाळू होतास. तेव्हाच तुझ्या आईला म्हटलं होतं, हे पोर जन्मभर उलटंच वागणार म्हणून!”

(‘पायाळू’ हा शब्द कार्यवृत्तात घेतलेला नाही.)

ठराव क्रमांक एकोणीस: कूपर गल्लीतली टेकडी रहदारीला अडथळा आणणारी आणि घराच्या उजेडाला बाधक असल्याने ती दोन फुटांनी खणून कमी करावी, मिसेस हॉबडे यांनी टेकडीला खड्डा म्हणून मंडळाची दिशाभूल केल्याबद्दल त्यांना समज द्यावी. बाई टेकडीबद्दल खोटं बोलल्या तरी मंडळाने त्यांच्या सोयीचाच विचार केला, ही गोष्ट विसरता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी खणणाऱ्यांचा मुकादम इनॉक टॅन्सली टोपी हातात घेऊन आला.

“साहेब, तिथे टेकडी नाही हो. खड्डा आहे.”

“तू पेटीतून पाहिलंस?” चेअरमननी विचारलं.

“नाही साहेब. मी तिथे उभा होतो.”

“म्हणजे पाहिलं नाहीस.”

इनॉकने टोपी एकदा डावीकडून फिरवली, एकदा उजवीकडून. “मग काय करू?”

“दोन फूट खण.”

“खड्ड्यात?”

“टेकडीत, इनॉक. टेकडीत!”

इनॉकला सहा मुलं, त्यांतली पाच केझायानेच बाहेर काढलेली. घरी जाऊन त्याने काय केलं ते माहीत नाही, पण सोमवारी सकाळी त्याने कुदळ मारली. केझाया दारात उभी राहून बघत होती म्हणे. “नीट खण रे बाबा,” ती म्हणाली, “कडा सोडून खण.” एवढं बोलून तिने त्याला आणि त्याच्या माणसांना चहा दिला.

जूनमध्ये नवं चित्र आलं. टेकडी सहा फुटांची झाली होती! मंडळात खळबळ उडाली. जमीन वाढते, आणि तीही एका सुइणीच्या दारात, याचा खुलासा पादरीसाहेबांकडे मागण्यात आला. त्यांनी विचार करायला वेळ मागितला. आणखी तीन फूट खणण्याचा हुकूम निघाला. जुलैच्या सुरुवातीला टेकडी नऊ फूट. आमचे काही सभासद तर हट्टाला पेटले. निसर्ग मोठा की मंडळ मोठं, एवढाच प्रश्न उरला होता.

मग जुलै अखेरीच्या चित्रात टेकडी अचानक दीड फुटाने खाली आली. मंडळाने इनॉकला लेखी शाबासकी दिली. चौकशीअंती मात्र उघड झालं, की कूपर गल्लीतल्या बायका गेले तीन आठवडे आपापल्या चुलींची राख बादल्या भरभरून तिथे आणून टाकत होत्या. सार्वजनिक टेकडीवर कचरा टाकणं हा गुन्हा आहे. अकरा बायकांना नोटिसा गेल्या, राख उपसून आणखी खणण्यात आलं, आणि ऑगस्टमध्ये टेकडी पूर्ववत होऊन वर आणखी चार फूट चढली. लबाडी फार काळ टिकत नाही, एवढं यावरून सिद्ध झालं.

सप्टेंबरच्या बैठकीला केझाया न बोलावता आली. ओरडली नाही, भांडली नाही. टेबलाशी आली, म्हणाली, “मलाही बघू द्या एकदा.” नाही म्हणायला नियम सापडेना, म्हणून पेटी दिली. तिने डोळे लावले आणि बराच वेळ काढलेच नाहीत.

“छान दिसतंय,” ती शेवटी म्हणाली. “माझं घर इतकं छान मी कधी बघितलं नव्हतं. टेकडीमागे, उन्हात. असं असतं तर मी अर्ज कशाला केला असता?” मग सात जणांकडे आळीपाळीने बघत म्हणाली, “पण अरे, मी तिथे राहते. तुम्ही पेटी खाली ठेवता तेव्हासुद्धा मी तिथेच असते.”

चेअरमननी पुढचा विषय पुकारला. मंडळाची तशी पद्धत आहे. तिने पिशवीतून नाळ कापायची कात्री काढली, पुठ्ठा मधोमध उभा कापला, दोन्ही तुकडे टेबलावर आपटले आणि निघून गेली.

सरकारी पुठ्ठा कापणं ही साधी बाब नव्हे. तो पुन्हा जोडून दफ्तरी लावणं हे चिटणीसाचं काम. संध्याकाळी पाच वाजता कचेरीत मी एकटा बसलो, गोंद घेतला आणि तुकडे नव्या पुठ्ठ्यावर चिकटवले. दोन्ही तुकडे दिसायला सारखेच. कोणता डावा आणि कोणता उजवा, हे माझ्या ध्यानात राहिलं नाही. मी अदलाबदल करून बसलो. जोड नीट बसलाय की नाही हे बघायला पुठ्ठा पेटीत सरकवला आणि डोळे लावले.

टेकडी नव्हती. खड्डा होता, तेरा-चौदा फूट, सरळ खाली, आणि त्याच्या काठावर केझायाचं घर. उंबरा अर्धा हवेत होता. खिडकीत शेळीचं तोंड होतं. मी खुर्चीवर मागे सरकलो, इतकं ते जवळ होतं.

मग मी शांतपणे विचार केला. चिटणीसाने तसाच करावा. हा पुठ्ठा खरा मानला तर पिडकॉकचे बाकीचे एकशे त्रेचाळीस पुठ्ठे खोटे. ते खोटे तर त्यांवरून झालेले सगळे ठराव चुकीचे. ठराव चुकीचे तर मंडळ चुकीचं, चेअरमन चुकीचे, आणि त्यांचं पोट मुळात आत नाही. हे त्यांना कोण सांगणार? मी? माझी बढती ऑक्टोबरात ठरायची होती. माझी बायको हॅरिएट आठव्या महिन्यात होती. आणि एक डोकं म्हणतं खड्डा, सात डोकी म्हणतात टेकडी. गणितसुद्धा माझ्या बाजूने नव्हतं.

मी गोंद पुन्हा ओला केला. तुकडे सोडवले आणि नियमाप्रमाणे, म्हणजे पूर्वी होते तसे, चिकटवले. दुसऱ्या दिवशी चेअरमनसाहेबांनी पेटीतून पाहून माझी पाठ थोपटली. “वा, विंटल! सांधा दिसतसुद्धा नाही!”

ऑक्टोबरच्या सहा तारखेला, चार दिवस सतत पाऊस लागला असताना, हॅरिएटला कळा सुरू झाल्या. केझाया सकाळी सातला आली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. थेट वर गेली. अकराच्या सुमारास वरून रडणं ऐकू आलं, आणि त्याच वेळी दार वाजलं. दारात इनॉक, नखशिखान्त भिजलेला.

“केझायाबाई इथे आहेत ना?” त्याने विचारलं, आणि मी हो म्हणताच तो भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडायला लागला.

केझाया हात पुसत जिन्यावरून खाली आली. “मुलगी आहे. आई ठीक आहे,” ती मला म्हणाली. मग इनॉककडे पाहिलं आणि तिला कळलं. ती पायरीवरच बसली.

“सगळं?”

“सगळं. दहाला गेलं. आवाजसुद्धा फार झाला नाही.”

“घड्याळ?”

“गेलं.”

“शेळी?”

“शेळी पळाली होती. पहाटेच दोर तोडून.”

“तिला अक्कल आहे,” केझाया म्हणाली. मग मान वर न करता मला म्हणाली, “इलायजा, सेप्टिमस गावभर सांगत होता, तू पुठ्ठा असा चिकटवलास की सांधा दिसत नाही. जोडताना तू बघितलं असशील ना रे आत?”

एखाद्याने काय उत्तर द्यावं? मी म्हणालो, “मंडळाच्या दफ्तरी तशी नोंद नाही.”

ती उठली. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि खरं सांगतो, दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती पुन्हा वर गेली, बाळाची नाळ नीट बांधली आहे ना ते तपासलं, हॅरिएटच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं, आणि मगच माझ्या घरातून बाहेर पडली.

पुढचं थोडक्यात. मंडळाने अपघातस्थळाची तातडीने पाहणी केली, म्हणजे पिडकॉकला पाठवलं. चित्र अप्रतिम आलं. खड्ड्याच्या तळाशी गेलेलं केझायाचं घर पेटीत वीस फुटी टेकाडाच्या माथ्यावर दिमाखात उभं होतं. थोडं कललेलं, पण उंचावरच्या घरांना वारा लागतोच. एवढ्या मोकळ्या हवेत आणि अशा देखाव्याच्या जागी राहणाऱ्या बाईवर जुनीच घरपट्टी ठेवणं अन्यायाचं झालं असतं, म्हणून ती दुप्पट केली. नोटीस मी स्वतः लिहिली. नोटीस तशीच परत आली. केझाया शेळी घेऊन चेस्टरला बहिणीकडे गेली होती. त्या चित्राच्या पाचशे प्रती खपल्या. गावात आता सुईण नाही, पण चेस्टरचे सुंदर पुठ्ठे मिळतात. माझी बढती झाली.

प्रकरण इथे संपतं. तुम्हाला माझा राग आला असणार. यावा, त्यासाठी लेखी अर्जाची सोय आहे. पण एक गोष्ट मला मंडळाच्या वतीने स्पष्ट करायला हवी. त्या सगळ्या बैठकांचं कार्यवृत्त मी काल पुन्हा पहिल्यापासून वाचून काढलं. त्या बाईच्या दारात कुदळ पडली तेव्हा, बायकांनी टाकलेली राख उपसली तेव्हा, टेकडी चार फुटांची सहा आणि सहाची नऊ फूट झाली तेव्हा, आम्ही सगळे अत्यंत गंभीर होतो. आमच्यातला एकही माणूस हसला नव्हता. हसलात ते तुम्ही.